कवळाण्याचा पोरगा आणि त्यानं शिकवलेली पोरं

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आपल्या होस्टेलमध्ये एकच विषय असतो. उत्पन्नाचा दाखला आला का, महाडीबीटीवर फॉर्म पुढं सरकला का, हप्ता जमा झाला का. त्या फॉर्मांवर मोठमोठ्या माणसांची नावं असतात. राजर्षी शाहू महाराज, डॉ. पंजाबराव देशमुख, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दर वर्षी फॉर्म भरता भरता ही नावं पाठ झाली आहेत. पण मी भरलेल्या एकाही फॉर्मवर मला ज्यांचं नाव दिसलं नाही, त्या माणसाबद्दल मला आज लिहायचंय. ते म्हणजे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड.

राजेमहाराजांबद्दल मला तशी फार ओढ नाही. हत्ती, हिरे, राजवाडे यांचं आपल्याला काय करायचंय? आमच्या मंठा तालुक्यात विहिरीला पाणी लागलं तरी पेढे वाटतात. पण सयाजीरावांचं चरित्र लायब्ररीतून आणून वाचायला घेतलं आणि पहिल्याच प्रकरणात थबकलो. हा राजा बारा वर्षांचा होईपर्यंत शाळेतच गेला नव्हता. तो आपल्यासारखाच शेतकऱ्याच्या घरातला पोरगा होता. त्याच्या शिक्षणाचा खर्च दुसऱ्या कुणीतरी केला होता. पुढं त्यानं जे केलं, त्याचं मूळ मला तरी इथंच दिसतं.

नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं गाव आहे. तिथं काशीराव गायकवाड शेती करायचे. आडनाव राजघराण्याचं होतं, पण नातं लांबचं, आणि घरात राजेपणाचं काही नव्हतं. 11 मार्च 1863 ला त्यांच्या घरी गोपाळ जन्मला. शेतात जायचं, गुरांमागं फिरायचं, असंच त्याचं लहानपण.

तिकडं बडोद्यात वेगळंच चाललं होतं. खंडेराव महाराज 1870 मध्ये वारले. त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. 1874 मध्ये इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर याच्यावर विषप्रयोग झाल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि 1875 मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं. मग खंडेरावांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. लांबच्या शाखांमधली काही मुलं बडोद्याला आणली गेली. त्यांत कवळाण्याचा गोपाळ होता. असं सांगतात, की इथं कशासाठी आलास असं विचारल्यावर बाकीची मुलं गडबडली, पण गोपाळनं राजा व्हायला आलोय असं सरळ सांगून टाकलं. गोष्ट खरी की नंतर रचलेली, देव जाणे. 27 मे 1875 ला दत्तकविधान झालं आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

आता विचार करा. बारा वर्षांचं पोर. कालपर्यंत रानात होतं, आज राजवाड्यात. नाव बदललं, आई बदलली, अंगावरचे कपडे बदलले. आणि दुसरीकडं अक्षरओळखही धड नाही. आपण दहावी-बारावी मराठीतून करून फर्स्ट इयरला इंग्रजी पुस्तकं उघडतो तेव्हा घाम फुटतो की नाही? त्या पोराला तर मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चारही भाषा जवळपास एकदमच सुरू कराव्या लागल्या. एफ. ए. एच. इलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून नेमले गेले. तालीम, घोडेस्वारी आणि दिवसभर अभ्यास, असा क्रम सहा वर्षं चालला. शेवटी शेवटी दिवाण सर टी. माधवराव स्वतः राज्यकारभारावर व्याख्यानं द्यायचे, ती पुढं पुस्तकरूपानं छापली गेली. 28 डिसेंबर 1881 ला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षात, सयाजीरावांच्या हाती कारभार आला.

या माणसाला उशिरा सुरू झालेल्या शिक्षणाची किंमत कळलेली होती, असं मला राहून राहून वाटतं. ज्याला पाळण्यापासून मास्तर मिळतो त्याला शाळा ही हवेसारखी वाटते. ज्याला बाराव्या वर्षी मुळाक्षरं गिरवावी लागतात, तो शाळा विसरत नाही.

कारभार हाती आल्यावर पुढच्याच वर्षी, 1882 मध्ये, त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी सरकारी खर्चानं शाळा काढल्या. शाळा निघाल्या, पण शिकवायला सवर्ण हिंदू मास्तर तयार होईनात. मग मुसलमान शिक्षक नेमले आणि शाळा सुरू ठेवल्या. या एका वाक्यात त्या काळचा समाज आणि सयाजीरावांचा स्वभाव दोन्ही दिसतात. अडचण आली म्हणून काम बंद नाही, वाट बदलायची.

त्याहून मला आवडलेलं काम सोनगडचं आहे. राज्याच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ जंगलात आदिवासी वस्त्या होत्या. तिथल्या पोरांना शाळेत आणायचं म्हणजे नुसती शाळा बांधून भागत नव्हतं. पाडे लांब लांब, वाटेत नदीनाले, आणि पोरगं शाळेत गेलं तर गुरं कोण राखणार? म्हणून 1880 च्या दशकात सोनगडला या मुलांसाठी वसतिगृह निघालं. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं सरकारी. लिहिण्यावाचण्याबरोबर शेती आणि सुतारकामही शिकवायचे. आपण ज्याला होस्टेल म्हणतो आणि मेसच्या भाजीवरून रोज ज्याला शिव्या घालतो, ती गोष्ट त्या जंगलातल्या पोरांसाठी सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी विचार करून उभी केली होती. दुर्गम गावातल्या मुलाला शिकवायचं तर फी माफ करणं हा सगळ्यात सोपा भाग असतो. झोपायला जागा, पोटाला अन्न आणि घरी त्याच्या हाताची जी उणीव पडते तिचं काय करायचं, हे खरे प्रश्न. आजही हिमालयातल्या एखाद्या खेड्यातलं पोर शिकायला खाली आणा नाहीतर मेळघाटातलं आणा, हेच प्रश्न येतात. आमच्याकडं ऊसतोडीला गेलेल्या घरांतली पोरं दिवाळीनंतर शाळेतून गायब होतात, त्याचंही कारण हेच.

नंतर त्यांनी आणखी मोठी उडी घेतली. 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. तो तेरा वर्षं चालवला, चुका सुधारल्या आणि 1906 मध्ये सगळ्या बडोदा राज्याला लागू केला. मुलांना सातव्यापासून बाराव्या वर्षापर्यंत आणि मुलींना सातव्यापासून दहाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची झाली. पोरं न पाठवणाऱ्या आईबापांना दंड व्हायचा. आता दंड हा प्रकार मला काही पटत नाही. ज्याच्या घरात दोन वेळची चूल पेटायची मारामार, त्याला दंड करून काय साधणार? पण मुलीलासुद्धा शाळा सक्तीची करणं, तेही 1906 मध्ये, हे धाडसच म्हणायचं. याच धर्तीवर सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी कायदा व्हावा म्हणून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये विधेयक मांडलं, ते 1912 मध्ये फेटाळलं गेलं. अख्ख्या देशाला शिक्षणाचा हक्क कायद्यानं मिळायला 2009 साल उजाडावं लागलं.

आपल्या शाखेच्या पोरांनी एक गोष्ट तर जरूर वाचावी. 1890 मध्ये सयाजीरावांनी बडोद्यात कलाभवन काढलं. प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. यंत्रकाम, सुतारकाम, बांधकाम, रंगकाम आणि रसायन असे विषय तिथं शिकवायचे, आणि तेही देशी भाषेतून. तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून द्यायचं की इंग्रजीतून, यावर आपल्या कॅन्टीनमध्ये तासन्‌तास वाद होतात. तिकडं एकोणिसाव्या शतकात लोक ते करून मोकळे झाले होते, त्यासाठी पुस्तकंही लिहून घेतली होती. पुढं भारताचा पहिला मूक कथापट काढणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनात फोटोग्राफी आणि चित्रकला शिकले. आज हीच संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे.

ग्रंथालयांबद्दलही खूप लिहिता येईल, पण थोडक्यात आवरतो. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं आणि गावोगाव वाचनालयांचं जाळं विणलं. जिथं वाचनालय नाही तिथं लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवायची. एक पेटी वाचून झाली की ती परत आणि दुसरी हजर. 1908 मध्ये त्यांनी बँक ऑफ बडोदा काढली. आपल्यातले काही जण तिच्याच एज्युकेशन लोनवर शिकत असतील, आणि कर्जाच्या कागदावर कवळाण्याच्या गोपाळचा हात आहे हे त्यांना ठाऊकही नसेल.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

1907 मध्ये मुंबईत भीमराव रामजी आंबेडकर हा विद्यार्थी मॅट्रिक पास झाला. वडील सुभेदार रामजी निवृत्त झालेले, पेन्शन तुटपुंजी. एल्फिन्स्टन कॉलेजात नाव घातलं, पण पुढं पैसा पुरेना. भीमरावांना लहानपणापासून ओळखणारे एक शिक्षक होते, कृष्णाजी अर्जुन केळुसकर. ते या मुलाला घेऊन सयाजीरावांकडं गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि दरमहा पंचवीस रुपये शिष्यवृत्ती मंजूर केली. मला या प्रसंगात महाराजांइतकेच केळुसकर गुरुजी मोठे वाटतात. देणारे अनेक असतात हो, पण खेड्यातल्या किंवा चाळीतल्या पोराचं बोट धरून त्याला देणाऱ्याच्या दारापर्यंत नेणारा माणूस लागतो. प्रत्येक तालुक्यात असा एखादा मास्तर असतो. मी ज्यांच्यामुळं इथं आहे तेही असेच एक गुरुजी. त्यांनी ॲडमिशनच्या वेळी स्वतःच्या पगारातून पैसे भरले आणि घरी कळू दिलं नाही. त्यांना नाव छापलेलं आवडणार नाही म्हणून लिहीत नाही.

भीमराव बी.ए. झाले आणि जानेवारी 1913 मध्ये बडोद्याच्या नोकरीत गेले. थोड्याच दिवसांत, 2 फेब्रुवारीला, वडील वारले. त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवायचं ठरवलं, त्यांत भीमरावांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. पण ही देणगी नव्हती. 4 जून 1913 ला रीतसर करार झाला. ठरवलेले विषय शिकायचे आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची.

हा करार वाचून माझे रूममेट म्हणाले, हा तर बॉंड झाला, कंपन्या घेतात तसा. खरंय. पण मी उलट विचार करतो. भीक घातली की माणूस मिंधा होतो. करार केला की दोन बाजू होतात. तू शिक, मग माझ्या राज्याचं काम कर, असं ज्याला सांगितलं जातं त्याला आधीच कामाचा माणूस मानलेलं असतं. बावीस वर्षांच्या, अस्पृश्य मानलेल्या घरातल्या मुलाबरोबर एक राजा कागदावर करार करतो, हे त्या काळात केवढं होतं! आमच्या होस्टेलात काही मुलं मदत करणाऱ्याचं नाव निघालं की मान खाली घालतात. करार झाला असता तर घातली नसती, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

भीमराव जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला पोचले. तिथं त्यांनी काय अभ्यास केला ते सगळ्यांना माहीत आहे. 1915 मध्ये एम.ए., मग डॉक्टरेटचा प्रबंध, 1916 मध्ये लंडन. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून 1917 मध्ये परतावं लागलं. जहाजावर पाठवलेलं सामान आणि पुस्तकं महायुद्धात समुद्रात बुडाली. त्या सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली तिच्यातूनच बडोद्याच्या प्रवासाचा खर्च निघाला. केवढी पुस्तकं गेली असतील! परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स हरवल्या तर आपली काय अवस्था होते?

सप्टेंबर 1917 मध्ये कोलंबियात शिकलेला हा माणूस करार पाळायला बडोद्याला आला. मोठ्या हुद्द्याची नोकरी, पण राहायला जागा नाही. गावातल्या कुठल्याही हिंदू खाणावळीत घेईनात. शेवटी पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहिले. कचेरीत शिपाई कागदपत्रं हातात न देता लांबून टाकायचे. सरकारी बंगला मिळावा म्हणून दिवाणांकडं अर्ज केला, पण काम पुढं ढकललं गेलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात येऊन उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितलं. दोन मित्रांकडं विचारून पाहिलं, तिथंही सोय झाली नाही. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचे पाच तास बाबासाहेब कामाठीबागेत बसून होते.

ही बाग सयाजीरावांनीच वसवलेली. आज तिला सयाजीबाग म्हणतात.

सयाजीरावांचं चरित्र लिहिणारे बरेच जण हा भाग पटकन उरकतात, नाहीतर सगळा दोष अधिकाऱ्यांवर टाकतात. मला ते पटत नाही. ज्या राजानं या मुलासाठी न्यूयॉर्कच्या मुक्कामाचे पैसे मोजले, त्याच्या स्वतःच्या राजधानीत त्या मुलाला एक खोली मिळाली नाही. राजाचा हुकूम शाळेपर्यंत पोचला होता, शेजाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचला नव्हता. इलाका त्याचा, कचेरी त्याची, शिपाई त्याच्या पगारावर, तरीही. पैसे देणं सोपं नसतं हे मान्य, पण पैसे दिल्यावर ते पोर जिथं परत येणार ती जागा राहण्यासारखी करणं त्याहून अवघड असतं. सयाजीरावांना ते जमलं नाही. 1918 मध्ये मुंबईत भरलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेचे ते अध्यक्ष होते. तिथं भाषण करताना त्यांना आदल्या वर्षीची आपल्या गावातली ती खोली आठवली असेल का, हा प्रश्न मला पडतो.

बाबासाहेबांनी मात्र राग आणि ऋण यांची गल्लत केली नाही. पुढं शाहू महाराजांची मदत, मित्राकडून उसने घेतलेले पैसे आणि स्वतःची बचत यांवर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्धा राहिलेला अभ्यास पूर्ण केला. कोलंबियात लिहिलेला ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थकारणावरचा प्रबंध 1925 मध्ये पुस्तक म्हणून निघाला, तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला. शिक्षणाच्या कामी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून, असं त्यात स्पष्ट लिहिलं. कामाठीबागेतल्या त्या पाच तासांनंतर आठ वर्षांनी.

सयाजीरावांचं उरलेलं आयुष्य बाहेरून झगमगतं दिसतं. 1911 च्या दिल्ली दरबारात बादशहासमोर नीट मुजरा न करता पाठ फिरवली म्हणून गाजावाजा झाला. वर्षातले कित्येक महिने ते परदेशातच असायचे, त्यावर टीका झाली आणि ती काही अगदीच खोटी नव्हती. 1932 मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. घरात मात्र दुःखच जास्त. पहिली पत्नी लवकर गेली. तरणी मुलं एकामागोमाग गेली, थोरला फत्तेसिंगराव 1908 मध्ये, शिवाजीराव 1919 मध्ये, जयसिंगराव 1923 मध्ये. 6 फेब्रुवारी 1939 ला मुंबईत सयाजीराव वारले. 63 वर्षं ते गादीवर होते.

आता या सगळ्याचा आपल्या जालन्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. ज्या शहराला लोक सोन्याचा पाळणा म्हणायचे ते जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. हायस्कुलात गेलं की उर्दूतून शिकायचं, आणि पदवीपर्यंत शिकायचं म्हटलं तर हैदराबाद गाठायचं. आमच्यासारख्या खेड्यांना ते शक्यच नव्हतं. 1948 मध्ये निजामाचं राज्य संपलं. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढलेली होती. तिच्यातर्फे 1950 मध्ये त्यांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केलं. तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. कॉलेजाच्या परिसराला नागसेनवन म्हणतात.

जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातलाच एक तालुका. वेगळा जिल्हा 1 मे 1981 ला झाला. आमच्या गावातून पहिले बी.ए. झालेले आजोबा मिलिंदचेच. आता थकलेत, पण विषय काढला की सांगत बसतात. जालन्याहून छोट्या रुळांच्या गाडीनं गेले होते. पत्र्याची पेटी, एक सतरंजी आणि आईनं बांधून दिलेल्या भाकरी, एवढंच सामान. स्टेशनवर उतरल्यावर एवढ्या मोठ्या शहरात रात्री कुठं पडायचं या काळजीनं वाटभर पोटात गोळा आलेला. नागसेनवनात पोचले, नाव लिहून झालं आणि तिथल्या माणसानं त्यांना होस्टेलातली खोली दाखवली.